अठरा मिनिटांचं गाव

आमच्या घळवाडीला नमुना गाव म्हणतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तशी पाटी आहे आणि पाटीवर माझा फोटो आहे. हिरवी साडी, गळ्यात शिट्टी, हातात टॅब. दर आठवड्याला कुठल्या तरी तालुक्याची गाडी येते, बायका त्या फोटोपुढे उभ्या राहून सेल्फी काढतात आणि मग माझं दार शोधत येतात. "ताई, नऊ मिनिटांत अख्खं गाव रिकामं कसं केलंत हो?"

कसं केलं ते सांगते. तोंडावर गोड बोलायची मला सवय नाही, त्यामुळं ऐकायला बरं वाटणार नाही.

मी मालन श्रीपती झोरे. वीस वर्षं बालवाडीत मदतनीस होते, पोरांची नाकं पुसत होते. मग सरकारनं मला वणवा सखी केलं. कृषी सखी झाली, बँक सखी झाली, पशू सखी झाली, वणव्यालाच बिचाऱ्याला सखी नव्हती! घळवाडी ऐन उतारावर वसलेली. खाली कंबरभर गवत, वर कातळाचा उघडा सडा, मधे आम्ही एकशे तेरा माणसं. वणवा आम्हाला नवा नाही. आमचीच माणसं डोंगर पेटवत आली, पुढच्या साली गवत जोमानं येतं म्हणून. पण पूर्वी जमिनीत ओल असायची, आग बांधापाशी येऊन विझायची. आता डिसेंबरातच गवत पापडासारखं होतं. दोन हजार पस्तीस साली पलीकडच्या खोऱ्यातलं एक गाव अर्धंअधिक जळलं. त्यानंतर आमच्याकडे 'चाहूल' आली.

चाहूल म्हणजे यंत्र. ते शिकवायला सबनीस मॅडम आल्या. अठ्ठावीस-तीसची पोरगी, पायात बूट, आवाज बारीक. बालवाडीच्या पत्र्याखाली सगळं गाव बसलं होतं.

"आग उतार चढताना जास्त पळते," मॅडम म्हणाल्या. "ज्वाळा वरच्या गवतावर झुकते आणि ते पेटायच्या आधीच तापवून वाळवून ठेवते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट. डोंगरभर आम्ही काठ्या रोवल्यात. त्या वारा, ऊन आणि गवतातली ओल मोजतात. वरून उपग्रह बघतो. कुठं धूर निघाला की चाहूल तीच आग स्वतःशी हजार वेळा पेटवून बघते, दर वेळी वारा थोडा वेगळा धरून. आणि ती गावाच्या कुंपणाला कधी भिडेल ते ठरवते."

"मंग लगीच भोंगा वाजवायचा की!" आमचे सरपंच रंगराव म्हणाले.

"एका गावात तेच केलं होतं. एका उन्हाळ्यात एकेचाळीस वेळा वाजला. आग खरोखर आली एकदाच, आणि त्या वेळी कुणी घरातून हललं नाही."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"म्हणून चाहूल थांबते. आग जितकी जवळ येईल तितका तिचा अंदाज पक्का होतो. तुमच्या प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा असेल. सरावात सगळे पट्टे गवत काढलेल्या मैदानात पोचायला किती वेळ लागतो ते ती बघेल. त्याच्या दुप्पट वेळ हाताशी उरला की भोंगा देईल. त्याच्या आधी नाही. म्हणून हात जोडून सांगते, सरावात खरं वागा. तुम्ही जितक्या लवकर पोचाल, तितकी ती उशिरा सांगेल."

जेवणाची वेळ झाली होती, मसालेभाताचा वास सुटला होता, सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढं पुष्कळ जण म्हणाले, आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय. मी तसं म्हणणार नाही. मला तेव्हाच सगळं कळलं होतं.

पहिल्या सरावाला एकतीस मिनिटं लागली. त्याला कारण आमची आक्का.

आक्का म्हणजे हौसाबाई, माझी थोरली जाऊ. माझं लग्न झालं तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना टोचून बोलत आलो आणि एकमेकींशिवाय आमचं पानही हललं नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनंच मला वाचवलं. भावजी गेले, मुलगा सुदाम पुण्याला कारखान्यात लागला, आणि आक्का वरच्या आळीत एकटी राहिली. गुडघे पार गेलेले, अंगानं जड. तिला हलवायचं म्हणजे घोंगड्याची झोळी करायची, बांबूत अडकवायची आणि चार गड्यांनी खांदा द्यायचा. त्यात बाई कुलूप लावल्याशिवाय निघायची नाही आणि कुलूप लावून झालं की कोंबड्या आठवायच्या.

पुढच्या महिन्यात 'अग्निसज्ज गाव' स्पर्धा जाहीर झाली. जे गाव सगळ्यात लवकर रिकामं होईल त्याला डांबरी रस्ता. आता रस्ता म्हणजे काय ते आम्हालाच विचारा. आजारी माणूस खालच्या फाट्यापर्यंत त्याच झोळीतनं जातं. साप चावलेली दोन माणसं आमच्या वाटेतच गेली.

"वहिनी," रंगराव मला म्हणाले, "एकतीस मिनिटांत काय मिळतंय? ठेंगा!"

मग आम्ही तेच केलं जे कुठल्याही तपासणीला करतो. स्वच्छतेची समिती येणार कळलं की आदल्या दिवशी रस्त्याला पाणी मारायचं, शाळेची तपासणी म्हटलं की शेजारच्या वाडीची पोरं वर्गात आणून बसवायची. यात आपण फसवतोय असं कुणाच्या मनातही येत नाही, पाहुण्यापुढं घर आवरावं तसं ते असतं. सरावाच्या दिवशी सकाळीच म्हातारीकोतारी भजनाला म्हणून मैदानाशेजारच्या देवळात आणून बसवली. बाकीच्यांनी चपला घालून, दाराला कड्या लावून भोंग्याची वाट बघितली. आक्का सोडून सगळे पट्टे अकरा मिनिटांत पोचले! गावानं टाळ्या पिटल्या.

राहिली आक्का. ती भजनाला यायची नाही. "माझ्या दारात बसून मला देव दिसतोय," म्हणायची. झोळी दर वेळी कोण काढणार? रंगरावांनीच तोड काढली. आक्का मुलाकडं पुण्याला असते असं लिहायचं आणि पट्टा काढून घ्यायचा.

मी गेले काढायला.

"म्हंजी मी हितं न्हाईच?" आक्का म्हणाली.

"कागदावर आक्का. फक्त कागदावर. रस्ता झाला की परत घालते."

"आन् मधल्या मधी पेटलं तर?"

"मी हाय की. मी उचलीन तुमास्नी."

"तू?" आक्का खो खो हसली. "घागर उचलाय गेलीस की कण्हतीस, आन् मला उचलतीया!"

मग तिनंच हात पुढं केला. "घे बाई. रस्ता तरी येऊ दे. सुदामची बायकू म्हणती, गाडी दारात येत न्हाई तवर आमी येत न्हाई. नातू चार वर्साचा झाला, त्येचं तोंड म्या फोनातच बघितलंय."

मी पट्टा काढला. मनगटावर पांढरा वळ राहिला होता, तो मी पदरानं पुसायला गेले. कशाला पुसायला गेले कुणास ठाऊक.

त्यानंतर चौदा सराव झाले. वरच्या आळीची सगळी माणसं आक्काच्या दारावरूनच पळत मैदानाकडं यायची. आक्का ओट्यावर बसून मोठमोठ्यानं ओरडायची. "पळा, पळा! श्रीपती, चप्पल ऱ्हायली बघ तुजी! आरं, वाघ लागलाय का मागं?" लोक हसत हसत पळायचे. मी शिट्टी मारून सांगायची, थांबायचं नाही, मागं वळायचं नाही, एका थांब्याला दहा सेकंद जातात. गावानं ते मनावर घेतलं. शेवटच्या सरावाला नऊ मिनिटं लागली. जिल्ह्यात पहिला नंबर.

नऊची दुप्पट अठरा. तो हिशोब मी मनात केला होता. वाटलं, अठरा मिनिटं काय कमी आहेत?

मार्चची एकोणीस तारीख, शुक्रवार. वारा सकाळपासून पश्चिमेचा. जेवण करून मी आक्काकडं गेले, तिच्या गुडघ्याला तेल चोळलं. ती म्हणाली, चहा टाक. मी म्हटलं, बालवाडीत जाऊन टॅबवर माहिती भरायचीय, उद्या साहेब येणार आहेत. "जा जा," आक्का म्हणाली, "साहेबाचा चहा ग्वाड लागतोय तुला." तिथनं निघाले तेव्हा पावणेदोन झाले होते.

दोन वाजून तीन मिनिटांनी भोंगा झाला. बाहेर आले तर खालचा सगळा उतार धुरानं भरलेला. मागनं पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता, तो गवत जळण्याचा होता. लोक बाहेर पडले. किंचाळणं नाही, चेंगराचेंगरी नाही. चौदा वेळा केलेलं होतं ना! प्रत्येकाचे पाय आपापल्या वाटेला लागले आणि माझे पाय मैदानाकडे. सखीनं पहिलं पोचायचं, टॅब घेऊन उभं राहायचं, असा नियम होता.

आक्काची आठवण आली नाही असं मी म्हणणार नाही. आली, वाटेतच आली. वाटलं, आमचे मालक रानातनं वरच्या आळीनंच येणार, ते आणि गडीमाणसं तिला घेतील. आणि मालकांना वाटलं, मालन आत्ता तिथंच होती, तिनं काहीतरी केलं असेल. वरच्या आळीची तीस-बत्तीस माणसं तिच्या दारावरून पळत आली. ती हाका मारत होती. सगळ्यांनी ऐकल्या. पण आक्का नेहमीच हाका मारायची.

टॅबवर एकशे बारा पट्टे हिरवे झाले. नऊ मिनिटं. 'सर्व उपस्थित, अभिनंदन.'

मी मालकांकडं बघितलं. "आक्का?"

"तुज्यासंगं न्हाई?"

अगं आई गं! चार गडी बांबू घेऊन धावले, मालक पुढं. मीही धावले, मला बायकांनी धरून ठेवलं. झोळीला वीस मिनिटं लागतात आणि उरली होती नऊ. वरच्या आळीच्या वळणाच्या पुढं त्यांना धगीनं जाऊ दिलं नाही. मालकांचे दोन्ही हात भाजले. बांबू तिथंच टाकून ते परत आले.

आक्का ओट्यावर सापडली नाही. दारापासून वीसेक पावलांवर, वाटेत सापडली. उभं राहता येत नव्हतं, तर बसल्या बसल्या सरकत तिथवर आली होती.

तिसऱ्या दिवशी सबनीस मॅडम आल्या. चाहूलची सगळी नोंद त्यांच्याकडं होती. बालवाडीत आम्ही दोघीच बसलो.

"चाहूलला कधी कळलं?" मी विचारलं.

"एक वाजून बारा मिनिटांनी. पलीकडच्या डोंगराच्या धारेवर कुणीतरी गवत पेटवलं होतं."

"आणि भोंगा दोन वाजून तीनला."

"तुमचं गाव नऊ मिनिटांचं आहे ना, ताई. आग दोन एकवीसला कुंपणाला लागणार हे तिनं बरोबर ओळखलं. त्यातनं अठरा वजा केली." मॅडमचा आवाज अगदी बारीक झाला. "तिच्या दृष्टीनं तोवर भरपूर वेळ होता."

एकतीस मिनिटं हीच आमची खरी वेळ. दुप्पट बासष्ट. म्हणजे भोंगा एक वाजून एकोणीस मिनिटांनी व्हायला हवा होता. तेव्हा मी आक्काच्या गुडघ्याला तेल चोळत होते. गडी घरात होते, झोळी दाराआड होती, कोंबड्यासुद्धा टोपलीत घालता आल्या असत्या. त्या चाहूल बयेला पाऊण तास आधीच माहीत होतं आणि ती गप्प बसली होती, कारण तसं आम्हीच तिला शिकवलं होतं.

मॅडमनी अहवाल वाचून दाखवला. जीवितहानी: निरंक.

"निरंक? अहो, आक्का गेली माझी!"

"यादीत त्या पुण्याला आहेत."

मग मी सगळं सांगितलं. भजन, चपला, कड्या, पट्टा, काहीही लपवलं नाही. मॅडम ऐकत होत्या आणि टॅबवर बोट फिरवत दुसऱ्या जिल्ह्यांतल्या गावांच्या वेळा बघत होत्या. आठ, दहा, नऊ, साडेआठ. चारशे गावं आणि सगळी अशीच चपळ. त्यांनी टॅब पालथा ठेवला.

"वर कळवते," त्या म्हणाल्या. "अजून एक सांगायचं राहिलं. सरावातली वेळ खऱ्या आगीत खरी ठरली की चाहूलचा त्या गावावर विश्वास बसतो. मग ती दुप्पटीऐवजी दीडपटच वेळ ठेवते. तुमची आता साडेतेरा मिनिटं होणार."

"आक्काचं नाव घाला यादीत."

"घालते. पण पोचण्याची वेळ काय लिहू?"

"पोचलीच न्हाई की ती!"

मॅडमनी तसंच लिहिलं. आणि जे माणूस पोचतच नाही त्याला किती वेळ द्यायचा हे चाहूलला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं तिच्याजवळची सगळी वेळ दिली. सहा कोसांवर कुणी चूल पेटवली तरी आमच्या गावात भोंगा. पंधरा दिवसांत तेवीस वेळा वाजला. पहिल्या चार-पाच वेळा लोक आक्कासाठी म्हणून आले, काही बायका रडल्याही. मग काजूचा हंगाम भरात आला आणि गावाचा स्वर बदलला. "आक्का गेली, आता ही मालन आमास्नी पळवून मारणार." पाणवठ्यावर मी गेले की बोलणं बंद व्हायचं. एके दिवशी दुपारी मालक हाताला पट्ट्या बांधलेले तसेच बसले होते, मी त्यांना भाकरी भरवत होते. त्यांनी तोंड फिरवलं. "मालन, तिला यादीत घालून ती परत येणार हाय का? आन् पळायला मला किती दिवस लावणार हायस?"

रस्त्याची मोजणी करणारी माणसं आली होती. रंगरावांना कळलं की खोटा सराव उघड झाला तर नंबरही जाणार आणि रस्ताही. त्यांनी ग्रामसभा बोलावली आणि पुण्याहून सुदामला बोलावून घेतलं.

देवळाच्या पटांगणात सकाळी अकराला सभा भरली. मॅडमही होत्या, त्यांना वरून पाठवलं होतं, मान खाली घालून बसल्या होत्या. सुदाम उभा राहिला. डोक्याचे केस काढलेले, नुकते कुठं खुंट आले होते.

"आई माझ्याकडंच राहायला होती," तो म्हणाला. "दीड वर्ष. दोन दिवसांसाठी म्हणून गावाला आली, कुणाला न सांगता. गावाची काही चूक नाही."

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. मी भर सभेत उठले. "सुदाम! दीड वर्षात तिच्या हातचा चहा कितींदा प्यालास रे? कुठल्या खोलीत निजत होती ती? तुझा पोरगा तिच्या मांडीवर कधी बसला सांग की!"

सुदामनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी माझ्याच कडेवर फिरलेलं पोर. डोळे भरले होते, पण नजर काढली नाही.

"काकी, मी तिला एकटी टाकली हे मला ठाऊक हाय. ते कागदावर लिहून पायजे का तुमाला?" मग हळूच म्हणाला, "आन् पट्टा म्या न्हाई काढला."

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मला बोलता येतं, आयुष्यभर कुणाचं ऐकून घेतलं नाही मी, पण ते ऐकून मी खाली बसले. सुदामनं आपल्या जबाबावर सही केली. मॅडमनी टॅब माझ्यापुढं धरला, वणवा सखीची सही लागतेच. त्या पुटपुटल्या, "ताई, नाही केलीत तरी दुसरी सखी नेमतील." कुणी माझा हात धरला नव्हता. मी सही केली.

आक्काचं नाव गेलं. भोंगा थांबला. पावसाळ्याआधी रस्त्यावर खडी पडली, दिवाळीला डांबर झालं. पाटी लागली, माझा फोटो लागला. चारशे गावांच्या वेळांचं काय झालं ते मॅडमनाही कुणी सांगितलं नाही, आणि त्यांची बदली झाली.

हा दुसरा उन्हाळा. गवत पुन्हा कंबरेला आलंय, वाळलंय. आमच्या गावाला आता साडेतेरा मिनिटं मिळतात. सत्तरीच्या पुढची अकरा माणसं गावात आहेत. मागच्या महिन्यात त्यातली चौघं एकेक करून बालवाडीत आली. रंगरावांची आईसुद्धा आली, काठी टेकत. मी कुणाला बोलावलं नव्हतं, कुणी त्यांना काही म्हणालंही नव्हतं. "आमच्यापायी गावाचा नंबर नको जाया," म्हणाली. चौघांनी आपापले पट्टे काढले, पदराला, धोतराला पुसले आणि माझ्या टेबलावर ठेवून घरी गेली.